मला बघून ओरडणारा पंखा

आमच्या घरचा कंप्यूटर मला बघून ओरडायचा. हे मी उजैरला, म्हणजे माझ्या मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, अम्मी, यंत्राला डोळे नसतात. म्हटलं, डोळे नसतील बाबा, पण माझ्याबद्दल मत आहे त्याचं. आयुष्यभर महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं, पोरांनी भरलेला वर्ग नुसत्या नजरेनं गप्प केला, आणि म्हातारपणी एका पंख्यानं माझी ही गत करावी.

झालं असं की माझी सून आलिमा पुस्तकं वाचून रेकॉर्ड करण्याचं काम शोधत होती. अंध मुलांसाठी पुस्तकं तयार करणाऱ्या एका संस्थेनं तिच्याकडून नमुन्याला एक धडा मागवला. शनिवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचा, आवडला तर घरबसल्या वर्षभराचं काम. पोरगी अकोल्याची, आवाज गोड, पण पुण्यातल्या लोकांपुढे वाचायचं म्हणून धास्तावलेली. मला म्हणाली, अम्मी, तुम्ही समोर बसा, चुकले की बोट वर करा. निवृत्त झाल्यापासून आज भाजी कुठली करू यापलीकडे मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी इस्त्रीची साडी नेसून जाऊन बसले.

पण त्या कंप्यूटरचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. उजैर हडपसरला नोकरी करतो. तिथल्या कुठल्याशा ऑफिसनं जुने कंप्यूटर मोडीत काढले होते, त्यातून त्यानं पंख्याचा वेग आवरणारा एक कंट्रोलर आणला. तो होता दुसऱ्याच कंपनीचा. आमच्या मशीनचं ऐकेना. उजैर म्हणाला, त्याचं फर्मवेअर बदलतो. माझ्या डोक्यावरून गेलं. मग त्यानं समजावलं की आत हुकूम लिहिलेले असतात, ते पुसून नवे लिहायचे. म्हणजे बदली होऊन आलेला शिपाई, जुन्या साहेबाशिवाय कुणाचं ऐकत नाही, असंच ना? तो म्हणाला, हो, तसंच समज. डबी न उघडता आतलं पुसतात कसं, हे मात्र मला अजूनही कळलेलं नाही.

कंट्रोलर आत मावेना म्हणून त्यानं तो कंप्यूटरच्या पाठीला बाहेरून चिकटवला. वायरींचं नुसतं जंजाळ. त्यातली एक बारीक वायर, टोकाला काळा मणी असलेली, दुसऱ्याच दिवशी टेबलावर लोंबत होती. मला पसारा सहन होत नाही. मी ती सरळ केली आणि तिच्यावर माझ्या चहाची स्टीलची ताटली ठेवून दिली.

पंखा खरोखरच गप्प झाला होता. आलिमानं वाचायला सुरुवात केली, मी चहा घेऊन शेजारी बसले, आणि पहिलं पान संपायच्या आत पंखा भडकला. रेकॉर्डिंग वाया. उजैरनं पुन्हा हुकूम लिहिले. मी कप घेऊन उठून गेले, शांत. नवा चहा घेऊन परत आले, पुन्हा बोंब. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा तो माझ्याकडे बघायला लागला.

"अम्मी, तू जरा बाहेर बसतेस का? प्रयोग म्हणून."

प्रयोग! मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. आतून आलिमाचा आवाज छान येत होता, आणि मध्येच बंद पडला. कंप्यूटरच आपोआप विझला होता. चालू केला, वाचलं, पुन्हा विझला. मी असले की ओरडतो आणि नसले की मरतो. असलं यंत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. उजैरनं डोकं धरलं. त्यानं नवे हुकूम पुसून आणखी नवे लिहिले. काही फरक नाही.

शुक्रवारी दोघं दाराआड काहीतरी कुजबुजत होती. "अम्मी आली की" एवढंच माझ्या कानावर पडलं, आणि माझ्या मनात भलतंच आलं. हुकूम लिहिणारा हा. सासूनं सारखी बोटं वर केलेली कुठल्या सुनेला आवडतात? यानं त्या डबीत माझाच बंदोबस्त करून ठेवला असेल तर? मी सरळ विचारलं. उजैर हसायचा सोडून दमलेल्या आवाजात म्हणाला की मला एवढं येत असतं तर मी हडपसरला नोकरी केली नसती. आलिमा पुस्तक उचलून आत निघून गेली. तेच मला लागलं. रात्री जेवण गेलं नाही.

शनिवारी उजैर कामावर गेला. मी आतल्या खोलीकडे फिरकलेच नाही, मेथी निवडत बसले. आलिमाचं वाचन दोनदा मध्येच तुटलं. दुपार टळून गेली. मग ती स्वयंपाकघरात आली. डोळे लाल झालेले. दोन कप चहा टाकला आणि म्हणाली, चला आत. मी म्हटलं, मला बघून तो ओरडतो, तुझं नुकसान कशाला? तिनं वाद घातला नाही. दोन्ही कप उचलले.

"तुमचा चहा तुमच्या जागेवर ठेवतेय. ओरडला तर ओरडू दे. समोर तुम्ही नसलात की मी कुणासाठी वाचतेय तेच मला कळत नाही."

ती आत गेली. उठावं की नाही, या विचारात होते, तेवढ्यात पंखा भडकला.

आणि मी तर स्वयंपाकघरात होते.

मी मेथी टाकून आत धावले. आलिमा कंप्यूटरकडे बघत उभी. माझा कप माझ्या ताटलीत वाफाळत होता. मी कप उचलला. थोड्या वेळानं पंखा हळूहळू निवला. परत ठेवला, परत भडकला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मी ताटली उचलली. खाली ती काळ्या मण्याची वायर.

उजैरला फोन लावला. तो म्हणाला, अम्मी, तो मणी उष्णता मोजतो. तो आत पंख्याखालच्या पत्र्याला चिकटवला होता, पट्टी सुटून बाहेर आला असणार. म्हणजे पंखा बिचारा माझ्या चहाची गरमी कंप्यूटरची समजत होता, आणि मी नसले की सगळं थंड आहे असं समजून झोपा काढत होता, मग कंप्यूटर तापून विझणारच. दोन दिवस हा हुकूम बदलत बसला. हुकमात खोट नव्हतीच. मी एवढंच म्हटलं की संध्याकाळी घरी ये, मग बोलू.

तो फोनवरून सांगत गेला. आलिमानं कंप्यूटर बंद करून झाकण काढलं, मी जखमेवर लावायची चिकटपट्टी कापून दिली आणि मणी जागच्या जागी गेला. चालू केला. चहाचा कप शेजारी, तरी पंख्याचा आवाज नाही.

ती वाचायला बसली. मी समोर. दुसऱ्याच परिच्छेदात एक शब्द घसरला. माझं बोट हललं, पण मी ते मांडीवरच दाबून ठेवलं. सहापर्यंत पाठवायचं होतं, पंखा आत्ता कुठं गप्प झाला होता, आता मीच कशाला मध्ये तोंड घालू.

आलिमा थांबली. पुस्तकावरून माझ्याकडे पाहिलं.

"अम्मी, बोट कुठंय?"

मी बोट वर केलं.