कार्डावरचे वजन

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी अंधेरीतल्या एका सोसायटीच्या मीटर खोलीत आग लागली. वॉचमन धोंडू सावंतने भिंतीवरचा आग विझवायचा लाल सिलिंडर काढला, पिन ओढली, मूठ दाबली. काहीच आले नाही. मग जवळ जाऊन त्याने बादलीतली वाळू टाकली. आग विझली, पण त्याचे दोन्ही हात भाजले.

सिलिंडरवर कार्ड होते : तपासले, वजन चौदा किलो दोनशे. अक्षर प्रेमा परबचे.

साकीनाक्याच्या गाळ्यात प्रेमा अकरा वर्षे हेच काम करत होती : असे सिलिंडर तोलायचे आणि वजनाचे कार्ड बांधून पाठवायचे. या सिलिंडरला दाब दाखवणारा काटा नसतो. आत गॅस आहे की नाही, हे वजनावरूनच कळते. पण दिवसाला साठ सिलिंडर पाठवायचे, तर तोलत कोण बसणार? गेल्या वर्षीचा आकडा नव्या कार्डावर उतरवायचा, दोरी बांधायची, झाले. वजनकाट्यावर गाळ्यातल्या बायकांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. शेजारच्या टेबलावरच्या निधीने एकदा टोकले, तेव्हा प्रेमा हसली होती. "कार्ड वाचतंय कोण गं? देवाला हार घालतो तसं घालायचं आणि पुढे जायचं."

दुपारी मालक नंदकुमारने टाईप केलेला जबाब तिच्यापुढे ठेवला. सिलिंडर तोलूनच पाठवला होता, नंतर सोसायटीने वापरला असावा, असा मजकूर. उद्या सही नसेल तर कामावर येऊ नकोस, असे तो आवाज न चढवता म्हणाला. प्रेमाच्या घरात पगार आणणारी ती एकटीच.

संध्याकाळी ती इस्पितळात गेली. सिलिंडर आधी कोणीतरी वापरला होता, एवढे ऐकायला मिळावे, ही तिची आशा. धोंडूची बायको रत्नप्रभा त्याला चमच्याने पेज भरवत होती. प्रेमाने आपण कोण ते सांगितले. सिलिंडर कोणी वापरला होता का, हेही विचारले.

"कोणीच नाय," धोंडू म्हणाला. "बाजूक दुसरो होतो. त्येच्यार कार्ड नव्हता. ह्येच्यार वजन लिवलेला, म्हणान ह्योच उचललंय."

"तो दुसरा नवा होता, मागाहून कळलं," रत्नप्रभा म्हणाली. "भरलेला."

"मला वाटायचं, कोणी वाचत नाही," प्रेमा कशीबशी म्हणाली.

"मी रोज वाचतंय, बाय. दारार बसान दुसरा वाचूक काय आसता?"

अकरा वर्षे जे काम तिला निरर्थक वाटत होते, त्याचा अर्थ या माणसाला रोज ठाऊक होता!

आपण अनेकजण असेच आकडे उतरवतो, शिक्के मारतो, सह्या करतो आणि या कामात अर्थ नाही म्हणून कुरकुरतो. अर्थ असतो. तो आपल्या टेबलापाशी नसतो. आपले लिहिणे खरे मानून जो हात पुढे करतो, त्याच्यापाशी असतो.

बुधवारी प्रेमाने जबाबावर सही केली नाही. कागदाच्या मागे लिहिले, 'वजन केले नव्हते.' गुरुवारपासून ती गाळ्यावर नाही. धोंडूची उजवी बोटे वळतील की नाही, डॉक्टर अजून सांगत नाहीत.

आठवतील तेवढ्या सोसायट्यांची तिने यादी केली, एकेचाळीस झाल्या. सिलिंडर तोलून घ्या, हे सांगायला ती शुक्रवारपर्यंत सहा ठिकाणी गेली. पाच ठिकाणी सेक्रेटरी भेटले नाहीत. सहाव्या ठिकाणच्या सेक्रेटरीने भिंतीवरच्या सिलिंडरचे कार्ड उलटसुलट करून पाहिले.

"यावर वजन लिहिलंय ना, बाई."

शनिवारी सकाळी त्या सहाव्या सोसायटीतला सिलिंडर, न तोललेला, भिंतीवरच होता.