पटत कुणालाच नव्हतं

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे आणि चांगलाच तोंडाळ आहे, हे आधीच सांगतो. कारखान्यात माझा जन्म झाला, दुकानात मी थोडे दिवस मिरवलो आणि मग काकूंच्या पाळणाघरात भिंतीवर चढलो. काका वारलेले, स्वतःचं मूलबाळ नाही. काकूंचं पोट आणि जीव, दोन्ही त्या मुलांवरच. दुपारी जेवून मुलं आपापल्या गाद्यांवर लोळायची आणि माझं कार्टून बघता बघता पेंगायची. त्यांच्या बोटांनी चिकट झालेली माझी काच काकू न कुरकुरता पुसायच्या. फार सुखाचे दिवस होते ते.

एका संध्याकाळी माझ्यावर बातमी झळकली. कुठल्याशा दूरच्या पाळणाघरात मुलांना झोपेचं औषध पाजत होते म्हणे. निवेदक घसा फोडून ओरडत होता. मुलांना न्यायला आलेले आईबाबा दारातच थबकले.

"काहीही दाखवतात! आपण नाही बाई असलं मनावर घेत," नर्स असलेली एका मुलाची आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तीच मुलाची गादी न्यायला आली. "काकू, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे हो. पण सासूबाईंनी धसका घेतलाय." मग बस चालवणारे एक बाबा आले. "मला नाही पटत, पण शेजारी नावं ठेवतात." एकेक गादी जाऊ लागली.

काकू माझ्याकडे बघून चिडायच्या. "लोक म्हणजे अगदी मेंढरं! बरं तर बरं, आपलं डोकं ठिकाणावर आहे."

आणि याच काकूंनी एका दुपारी कपाटातून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली. ती एका मुलीच्या आईनेच, लेकीला द्यायला म्हणून ठेवली होती. "उगाच कुणी बघितलं तर काय समजेल?" असं पुटपुटत काकूंनी ती मोरीत ओतली. नेमकी ती आई त्या दिवशी लवकर आली. तिने मोरीत बघितलं, रिकाम्या बाटलीकडे बघितलं.

"मी काही म्हणत नाही काकू. पण लपवाछपवी कशाला?"

तिने झोपलेल्या लेकीला तसंच उचललं. दोन दिवसांत उरलेली मुलंही गेली. आता काकू रिकाम्या खोलीत बसतात आणि म्हणतात, "या मेल्या टीव्हीने घात केला." माझ्यावर धूळ साचली आहे.

धुळीचं मला काही नाही, मित्रांनो. पुसू नका हवं तर. फक्त "मला नाही पटत, पण लोकांना पटतं" असं म्हणाल, तेव्हा ते लोक मला आणून दाखवा. मी भिंतीवरून दाराकडे डोळे लावून होतो. बातमी खरी मानणारं एकही माणूस तिथं आलं नाही. गाद्या उचलून नेल्या त्या सगळ्या न पटलेल्यांनीच.