पाटीवरचे एकसष्ट

"चौऱ्याहत्तर किलो, सोडला," झिपलाइनच्या पलीकडच्या टोकावरून वायरलेसवर बाई म्हणाल्या.

कीपरने पाटीवर खडूने ७४ लिहिले, ब्रेकचा दोर दोन खुणा मागे घेतला आणि पाय रोवून उभा राहिला. समोरच्या डोंगरावरून एक ठिपका सुटला आणि दरीवरून किंचाळत आला. जवळ येईपर्यंत त्याचा चांगला टक्कल पडलेला गृहस्थ झाला होता. कीपरने त्याला कमरेला धरून फळ्यांवर उभे केले, हूक सोडवला आणि पाटी पुसली.

"पोचला," तो म्हणाला.

नियम साधा होता. पाटीवर आकडा आहे म्हणजे माणूस तारेवर आहे; पाय फळ्यांना लागल्याशिवाय आकडा पुसायचा नाही. दिवसाला दीडशे माणसे अशी त्याच्या मिठीत यायची, दोन-दोन सेकंदांपुरती. मग फोटो काढायचा म्हणून त्यालाच जरा बाजूला व्हायला सांगायची. माणसे झेलतो म्हणून कीपर हे नावही रांगेतल्या कुणीतरी ठेवले होते. संध्याकाळी बाई विचारायच्या, "पाटी कोरी?" तो म्हणायचा, "कोरी." मग त्या तारेला कुलूप लावायच्या. अकरा वर्षे दोघांमध्ये ही दरी होती आणि एवढेच बोलणे.

आज मात्र त्याने सकाळीच हातमोजे धुतले होते. लेक येणार होती.

तीन वर्षांपूर्वी बायको हॉस्पिटलात होती, तेव्हा ऐन सीझन होता. "गर्दी आहे, दोन दिवसांत येतो," असे तो फोनवर म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी पोचला, तोवर ती गेली होती. लेकीने दार उघडले. पाणी दिले. बोलणे तेवढे बंद केले. तिचे लग्न झाले, तेव्हा तो मागच्या खुर्चीत बसून जेवून आला होता.

आणि गेल्या रविवारी तिचा आपणहून फोन. "बाबा, तुम्ही तिथं नेमकं करता काय?"

"माणसं धरतो."

"मग मलाही धरा. शनिवारी येतो आम्ही."

दुपारी वायरलेस खरखरला. "एकसष्ट," बाई म्हणाल्या, आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात, "कीपर, तुमची लेक आहे. जावईपण आलेत."

त्याने ६१ सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिले. दोर एका खुणेवर आणला. खांद्यावर बसायची तेव्हा पंधरा किलोसुद्धा नव्हती. कीपर हात पुढे करून उभा राहिला, आणि उभाच राहिला.

"थांबा. सोडत नाहीये."

"का? घाबरली?"

"ती कसली घाबरते. पट्टा बांधताना विचारलं तेव्हा सांगितलं तिनं. चौथा महिना आहे. नाही पाठवता येत."

आपण आजोबा होणार हे त्याला असे कळले, वायरलेसवर, आणि समोरच्या अख्ख्या रांगेबरोबर. त्याला हसू आले आणि डोळेही भरून आले.

"तुम्हीच या इकडे," बाई म्हणाल्या. "जीपनं पाऊण तास. तिला नको त्या खड्ड्यांतून. मी तार बंद ठेवते तोवर."

"रांग केवढी आहे?"

"बावीस. तुम्हाला काय करायचंय रांगेशी?"

"एवढी माणसं खोळंबतील. तेवढी उरकतो नि येतो. तिला सावलीत बसवा."

"कीपर, विचार करा."

"सोडा पुढचा."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे तर एक जण जाऊनही गेली नव्हती.

त्याने ६१ च्या खाली ८० लिहिले, पुसले. ५५ लिहिले, पुसले. नवव्या माणसाला, एका शाळामास्तरणीला, उभे करताना ती धापा टाकत म्हणाली, "काय हो, आज गर्दी आहे ना तुमच्याकडे?"

कीपरचा हात हुकावरच थांबला. हेच शब्द. हेच तो तेव्हा फोनवर बोलला होता.

"बाई, तार बंद करा. निघालो मी," तो वायरलेसवर म्हणाला.

वायरलेस खरखरला. "आत्ताच गेले ते, कीपर. अर्धा तास बसली होती. दुर्बिणीतून तुमच्याकडेच बघत होती."

"काही म्हणाली?"

"म्हणाली, बाबा किती नीट धरतात हो माणसं."

त्याने फोन काढला. या बाजूला रेंज नसतेच, हे अकरा वर्षे ठाऊक असूनही तो हात उंच करून फळीच्या टोकापर्यंत गेला. मास्तरीणबाई अजून पट्ट्यांत अडकून उभ्या होत्या. त्याने येऊन त्यांना मोकळे केले.

उरलेले तेरा जण त्याने एकेक करून उतरवून घेतले. त्यांच्यामागून आणखी आले, त्यांनाही. कुणाला धक्का लागला नाही.

संध्याकाळी शेवटची जीप गेली. कीपर फडके घेऊन पाटीसमोर उभा राहिला.

"पाटी कोरी?" बाईंनी विचारले.

त्याने हात वर नेला, आणि खाली घेतला.

"नाही," तो म्हणाला. "एक यायचंय अजून."

बाईंना पलीकडून तार दिसत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी.

"राहू द्या मग," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने वायरलेसमधून कुलूप लागल्याचा आवाज आला.

कीपरने फडके खिळ्याला अडकवले. ब्रेकचा दोर एका खुणेवर आणून बांधला आणि हातमोजे काढून खिशात ठेवले.