मधल्या सीटवर सारजाबाई

चितेगावच्या अलीकडं, कंपन्यांची रांग सुरू होते तिथं, चालत्या पिकअपचं डावं दार उघडलं. तनुजाला आधी काही कळलंच नाही. एकदम वारा आत आला, रस्त्याचा आवाज मोठा झाला, आणि तिनं मान वळवली तर सासूचा एक पाय बाहेर होता.

"आत्याबाई!"

कचकन ब्रेक मारावा तर मागं टँकर चिकटलेला, आणि म्हातारीही तोंडावर जाणार. तनुजानं डावा हात लांबवला. मधे तो दोन सीटांमधला कन्सोलचा खोका. त्याची कड तिच्या बरगडीत रुतली, पण सासूच्या लुगड्याचा सोगा मुठीत आला. तो तसाच धरून तिनं उजव्या हातानं गाडी हळूहळू कडेला घेतली. मागं हौद्यात जेवणाच्या पातेल्यांपाशी बसलेली सोनिया केबिनची काच बडवत होती.

गाडी थांबली तेव्हा सारजाबाई अगदी शांत होती. "आलं की माझं गाव," ती म्हणाली. "उतरू दे मला. माय वाट बघत असंल."

तिची माय जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तनुजानं खाली उतरून दार लावलं, दोनदा ओढून बघितलं, आणि मग रस्त्याच्या कडेलाच उकिडवी बसली. सोनियानं पाण्याची बाटली पुढं केली.

"ताई, आज वाचल्या. रोज वाचतील का?"

कंपनीच्या गेटवर कामगार जेवणाची वाट बघत होते. तनुजा उठली.

तनुजाची मेस होती. बिडकीनमध्ये घराच्या मागच्या पत्र्याखाली ती आणि तिच्या हाताखालची सोनिया पहाटेपासून पोळ्या लाटायच्या, भाजी-वरणाची पातेली पिकअपमध्ये चढवायच्या आणि चितेगावच्या दोन-तीन गेटांवर जेवण वाढून परत यायच्या. गाडी तनुजाच चालवायची. नवरा गोकुळ एका कंपनीत शिफ्टला होता. गाडी चालवायला त्यानंच तिला शिकवलं, पण सारजाबाईला ते कधी पटलं नाही. तनुजानं पहिल्यांदा गाडी रस्त्यावर काढली त्या दिवशी म्हातारी जेवली नव्हती. "बाई ष्टेरिंगवर आन गडी घरी. लोकं काय म्हणतेल?" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. त्या गाडीत मी पाय ठेवणार नाही, असंही तिनं सांगून टाकलं होतं, आणि पाळलंही होतं.

मग तिचं ध्यान सुटायला लागलं. आधी चुलीवरचं दूध, मग नातलगांची नावं, मग घराचा रस्ता. आता ती दिवसभर उठत-बसत राहायची. दाराची कडी हलवायची, पदरात काहीबाही बांधायची, "उशीर झाला, निघा" म्हणायची. शेजारणीकडं ठेवून बघितलं, शेजारीण आठवड्यात कंटाळली. कडी लावून बघितलं, तर परत आल्यावर तिच्या बोटांची सालं निघालेली दिसली. तनुजानं पुन्हा कडी लावली नाही. एकच गोष्ट लागू पडली. पिकअपचं इंजिन सुरू झालं की म्हातारीचे हात मांडीवर यायचे, चेहरा निवायचा. म्हणून तनुजा तिला रोज सोबत घ्यायची. ज्या गाडीत पाय ठेवणार नव्हती, तिथंच ती आता तेवढी निवांत बसायची. फक्त दाराशी बसायची, आणि तिथंच घोळ होता.

त्या संध्याकाळी गोकुळनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग बंद कर मेस थोडे दिवस."

"थोडे दिवस म्हंजी किती? आत्याबाई बऱ्या व्हायच्या हायेत का?"

"दाराला दोरी बांधू."

"बांधली व्हती की मागच्या महिन्यात. दात लावून सोडली त्यांनी. आन उद्या गाडी पलटी झाली तर बाहेर कसं निघायचं?"

सारजाबाई दारातून ओट्यावर, ओट्यावरून दारात अशा फेऱ्या मारत होती. तिच्याकडं बघत तनुजा म्हणाली, "त्यांना मधी बसवायचं. एका अंगाला मी, दाराच्या अंगाला सोनिया. मधून कुठं जातेल?"

"मधी कन्सोल हाय."

"काढायचा."

गोकुळ दचकलाच. गाडी घेतली तेव्हा मधली अरुंद सीट काढून त्यानं हौसेनं तो कन्सोल बसवून घेतला होता. वर कातडी झाकण, त्यावर लाल दोऱ्याची शिलाई, दोन ग्लास ठेवायच्या खाचा, आत स्पीकर. मित्रांना तो झाकण उघडून दाखवायचा. "गाडीची शानच जाईल," तो म्हणाला. आणि मग बायकोचा चेहरा बघून, "जुनी सीट तर भंगारात गेली. आता कुठं भेटंल?"

"ते मी बघते."

"आन इतकं करून बी नाय बसली ती मधी तर?"

तनुजा कणीक मळायला निघून गेली, आणि त्या दिवशी कणीक फार घट्ट झाली.

सुट्टीच्या दिवशी कंपन्या बंद, म्हणून मेसही बंद. गोकुळला मात्र ओव्हरटाइम होता. तनुजा, सोनिया आणि सारजाबाई शहरात आल्या. शहागंजच्या मागच्या गल्लीत मुनीरभाई गाड्यांच्या सीटा बनवायचा. दुकान म्हणजे एक शटर, फोमचे तुकडे, आणि बाहेर एकमेकांवर रचलेल्या जुन्या सीटा. त्यानं केबिनमध्ये डोकं घातलं, कन्सोलवर टकटक केलं.

"अच्छा माल है. कायको निकालते?"

"सासूला बसवायचंय. मधी."

मुनीरभाईनं सारजाबाईकडं बघितलं. ती त्याच्या सीटांच्या ढिगावरची धूळ पदरानं पुसत होती. "पेपर में कितने की सीट है?"

"ड्रायव्हर धरून तीन."

"फिर ठीक है. एक पुरानी सीट पडी है, छोटी. फ्रेम बनाना पडता. बेल्ट को नीचे से प्लेट लगाके बोल्ट मारता मैं. खाली फोम से आदमी नई रुकता."

"बेल्टचं बटन त्या दाबतेत," सोनिया म्हणाली. "त्यांचे हात गप राहत नाहीत."

"तो बटन तुम्हारी बाजू में देता, जरा पीछे. तुम्हारा हाथ पहुंचेगा, अम्मा का नई."

तनुजाला ते पटलं, आणि पटल्यावर वाईटही वाटलं. म्हातारीला बटन सापडू नये अशा जागी ठेवायचं. कडी लावण्यात आणि यात फरक काय, असं तिच्या मनात येऊन गेलं. तरी तिनं मान हलवली. मुनीरभाईनं पान्हे काढले. कन्सोलचे बोल्ट जाम झाले होते, ते सुटताना किंचाळले. खोका उचलला तेव्हा खाली धूळ, शेंगदाण्याची फोलपटं आणि एक बांगडीचा तुकडा निघाला. गिअरचा दांडा नुसताच उघडा उभा राहिला.

"गुडघा लागंल का दांड्याला?" तनुजानं आत वाकून विचारलं. "पाय एका बाजूला घ्यावे लागतेल. सोनिया, जरा बस बरं इथं पाय दुमडून, अंदाज येईल."

सोनिया आत चढली. दोघी गुडघे आणि दांडा बघत राहिल्या. मुनीरभाई पट्टीनं माप घेत राहिला. आणि तनुजानं मागं वळून बघितलं तेव्हा सीटांच्या ढिगापाशी सारजाबाई नव्हती.

"आत्याबाई?"

गल्लीच्या एका टोकाला बाजार, दुसऱ्या टोकाला मोठा रस्ता. सोनिया रस्त्याकडं पळाली, तनुजा बाजाराकडं. भाजीच्या गाड्या, प्लास्टिकच्या बादल्या, बुरखे, पिशव्या, रिक्षा. हिरव्या लुगड्यातली म्हातारी बघितली का, हिरवं लुगडं, ठेंगणी, असं ती ज्याला त्याला विचारत सुटली. एक म्हणाला इकडं गेली, दुसरा म्हणाला तिकडं. एका हिरव्या लुगड्याच्या मागं ती धावत गेली, तर तिथं भलतीच बाई कांदे निवडत होती. गोकुळला फोन लावावा म्हणून तिनं मोबाइल काढला आणि परत ठेवला. काय सांगायचं? तुझा कन्सोल काढता काढता तुझी आई हरवली?

आणि त्याच घाईत तिच्या मनात एक विचार चमकून गेला, की नाहीच सापडली तर. उद्या पहाटे कुणाच्या मागं धावायचं नाही, कुणाचे हात धरायचे नाहीत. ती रस्त्यात उभी राहिली. मागून रिक्षावाला ओरडला तेव्हा भानावर आली, आणि मग आधीपेक्षा जोरात पळायला लागली. तोंडानं काय बोलतेय ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

मंडईच्या मागं माल उतरवायला टेम्पो उभे असतात. तिथं पाच-सहा माणसं एका टेम्पोभोवती जमून हसत होती. खाली एक जाडसर ड्रायव्हर चहाचा ग्लास धरून बावळटासारखा उभा होता आणि त्याच्याच केबिनमध्ये, बरोबर मधोमध, पाय दुमडून, पदर सावरून सारजाबाई बसली होती.

"ताई, ही म्हातारी तुमची का?" ड्रायव्हर काकुळतीला येऊन म्हणाला. "मी चहा प्यायला उतरलो तर ही वर चढली. आता मला चढू देईना. म्हणती, तू कोण? माझी सून चालवती गाडी."

"तीच चालवती," सारजाबाई वरून ठणकावून म्हणाली. "लई चांगली चालवती. चितेगावला रोज जाती. गड्याला जमायचं नाय तसं. तू हात लावू नको."

माणसं पुन्हा हसली. तनुजा हसली नाही. इतक्या वर्षांत या बाईच्या तोंडून गाडीबद्दल एक चांगला शब्द तिनं ऐकला नव्हता. ती दारापाशी गेली आणि हात पुढं केला.

"चला आत्याबाई. आपली गाडी तिकडं हाय."

सारजाबाईनं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. ओळख कुठंच नव्हती.

"तू कोणाची गं?" ती म्हणाली. "माझी सून बघितली का कुठं? लई वेळ झाला, अजून येईना."

तनुजाच्या ओठांवर 'मीच की' आलं होतं. ती ते बोलली नाही. "बघितली," ती म्हणाली. "गाडीपाशी थांबलीय. मला म्हणाली, आत्याबाईला घेऊन ये."

"मग आधी सांगायचं नाय का!" म्हणत सारजाबाई लगबगीनं उतरली आणि तिचा हात धरून चालायला लागली. वाटेत रडवेली सोनिया भेटली.

दुपार कलता कलता सीट बसली. अरुंद, रंगानं दोन्ही सीटांपेक्षा वेगळी, पण पक्की. मुनीरभाईनं स्वतः तिच्यावर बसून गचके देऊन दाखवले. कन्सोल गोणपाटात गुंडाळून हौद्यात टाकला.

परतीच्या वाटेवर सारजाबाई मधे बसली, तरी शांत बसली नाही. बेल्ट चाचपला, सोनियाच्या मांडीवरून दाराकडं हात नेला, तो परत आणला, मग गिअरच्या दांड्यावर ठेवला. तनुजानं तो अलगद उचलून तिच्या मांडीवर ठेवला. पुन्हा तेच. शेवटी सोनियानं दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि बिडकीनपर्यंत धरून ठेवले. दार उघडलं नाही. तनुजाचं लक्ष मात्र रस्त्यावर कमी आणि त्या हातांवर जास्त होतं. मेसच्या फेऱ्यांनाही मग असंच चालू राहिलं. कधी म्हातारी झोपून जायची, कधी "उतरू दे" म्हणून रडायची. सोनियाच्या मनगटावर ओरखडे असायचे. पण सगळ्या जणी जेवण घेऊन वेळेवर गेटवर पोहोचायच्या, आणि सगळ्या परत यायच्या.

गोकुळनं ती सीट बघितली होती, पण तो तिच्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. एका सुट्टीला सोनियाच्या घरी पाहुणे होते आणि शहरातून किराणा आणायचा होता, तेव्हा तो दाराच्या बाजूला बसला. आई मधे. चितेगाव मागं पडलं तशी ती त्याच्याकडं निरखून बघायला लागली.

"हा कोण गं?" तिनं तनुजाला हळूच विचारलं.

"गोकुळ हाय, आत्याबाई. तुमचा गोकुळ."

"काहीतरीच काय बोलायलीस. गोकुळ बारका हाय माझा. शाळेत गेलाय." मग तिनं त्याच्याच गुडघ्यावर हात ठेवून त्यालाच सांगितलं, "जेवला बी नाय पोरगा सकाळपून."

गोकुळ खिडकीबाहेर बघत राहिला. तिचा हात मात्र त्यानं गुडघ्यावरून हलू दिला नाही.

परत आले तेव्हा तनुजाची पाठ भरून आली होती. किराणा उतरवायचा होता, कालची पातेली घासायची होती, उद्याची मटकी भिजवायची होती. गोकुळनं बेल्टचं बटन दाबलं, खाली उतरला आणि आईला हात दिला. सारजाबाईनं तो झटकला.

"इथं नाय उतरायचं. पुढं हाय आपलं."

"आई, घर आलं. हे बघ, आपलं घर."

"पुढं हाय," ती म्हणाली आणि सीटची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली.

गोकुळनं एकदा घराकडं बघितलं, एकदा बायकोकडं. मग तो परत वर चढला, दार ओढून घेतलं, आईचा बेल्ट लावला.

"घे अजून एक चक्कर," तो म्हणाला.

"कुठं?"

"कुठं बी."

तनुजानं डोळ्यांवरून हात फिरवला आणि चावी फिरवली.