आठ खटके

"फाइल खराब झालीय, बाबा," लेक म्हणाली.

टीव्हीवर रंगीत ठिगळं नाचत होती. व्हिडिओ गेममधल्या विमानाच्या जागी अर्धा किडा आणि किड्यांच्या जागी तुटक्या रेघा. वरचे पॉइंटांचे आकडे मात्र स्वच्छ दिसत होते. ते बघून मला हसू आलं.

"काही खराब नाही. चित्रांच्या दोन चिपा एकमेकींच्या जागी गेल्यात. त्यांची नावं अदलाबदल कर."

"नुसतं बघून कळलं तुला?"

"हा घोळ मी आधीही घातलाय. दोनदा."

चूक माझीच होती. त्या जुन्या चिपांच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असते. तिच्यातून ऊन आत गेलं तर आतलं सगळं पुसलं जाऊ शकतं, म्हणून वर चिपेचं नाव लिहून चिठ्ठी चिकटवायची. मी कामाला होतो ते थिएटर पाडलं तेव्हा मी तिथल्या गेमच्या मशीनमधलं बोर्ड तेवढं घरी आणलं होतं. जुन्या चिठ्ठ्या सुटायला लागल्या तशा मी नव्या चिकटवल्या, त्याही चाळिशी न लावता. लेक मीटरच्या कारखान्यात आहे. तिने तिथल्या यंत्रावर एकेक चिप वाचून फायली केल्या, बापाच्या चिठ्ठ्यांवर भरवसा ठेवून.

तिने नावं बदलली. पडदा काळा झाला आणि वरून किड्यांच्या रांगा डुलत उतरायला लागल्या. जे मशीन हलवायला चार माणसं लागायची, ते आता पत्त्यांच्या कॅटाएवढ्या कॉम्प्युटरमध्ये चालत होतं. मी तो डबा उलटापालटा करून पाहिला.

"ह्याच्यात मावलं कसं गं?"

"मशीन नाहीये ते. हा फक्त मशीनचं सोंग घेतो. तुझ्या चिपांना वाटतं, आपण अजून जुन्या बोर्डावरच बसलोय."

"आणि वेग? तो तेवढाच कसा राहतो?"

"बाबा, आधी आईला खेळू दे."

हे सगळं तिच्या आईसाठीच चाललं होतं. चार महिन्यांपूर्वी हिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, पण हात काही ऐकेना. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दाबायला दिला होता, तो हिने कपाटाखाली भिरकावला. तोही डाव्या हाताने. मग बाई म्हणाल्या, आवडीचं काहीतरी करा. हिने कधीकाळी आवडीने केलेली गोष्ट म्हणजे हा खेळ.

ही तेव्हा थिएटरात अंधारात बॅटरी दाखवून लोकांना खुर्च्यांवर बसवायची. सगळे तिला बॅटरीबाई म्हणत. मी लॉबीतल्या मशीनचा मेकॅनिक. तीनच्या खेळाची माणसं बसवून झाली की साडेतीनला ती बाहेर यायची आणि मशीनवर उभी राहायची. दहाजणांच्या यादीत रोज पहिला नंबर. रात्री मेन बंद झाला की यादी पुसली जायची, आणि दुसऱ्या दिवशी ही पुन्हा पहिली. ही हकिगत तिने लेकीला सांगितली, शेजारणींना सांगितली आणि व्यायामाच्या बाईंनाही पहिल्याच दिवशी ऐकवली.

लेकीने तिच्या मांडीवर खेळायचा दांडा ठेवला. मिनिटभरात तिन्ही विमानं गेली. पुन्हा खेळली, पुन्हा तेच. तिने दांडा बाजूला सरकवला.

"हात गेला तो गेलाच," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. पुढचे तीन दिवस तिने टीव्हीकडे पाहिलं नाही.

मला मात्र तो डबा स्वस्थ बसू देईना. लेक तिच्या घरी गेली होती. ही दुपारी झोपली की मी एकेक बटण दाबून, आत काय काय आहे ते बघत बसायचो. असाच एका पानावर पोचलो आणि थबकलो. तिथे आठ खटक्यांचं चित्र होतं. बोर्डावर नखाएवढे पांढरे खटके असायचे, अगदी तस्सेच. दुसऱ्या खटक्यापुढे लिहिलं होतं, विमानं तीन. चौथ्यापुढे, खेळ अवघड.

हे दोन खटके मी अडतीस वर्षं विसरून गेलो होतो. विसरलो म्हणण्यापेक्षा, कुणाला सांगितले नव्हते.

मी दुसरा खटका पाचावर नेला, चौथा सोप्यावर. ही उठल्यावर म्हटलं, "एकदाच खेळून बघ."

ती खेळायला बसली. पडद्याच्या कोपऱ्याकडे बघून थांबली.

"पाच? त्या दिवशी तीन होती."

"मी वाढवली."

"वाढवता येतात?"

कॉम्प्युटरमध्ये येतात, असं सांगून सुटता आलं असतं. तिला पटलंही असतं. पण तिचा हात सुधारेल तो माझ्या थापेवर, ह्याची मला लाज वाटली. थिएटरातही मी हे खटके फिरवायचो, हे सांगून टाकलं. आम्ही दोघंही बघत नव्हतो, तेवढ्यात किड्यांनी तिची विमानं एकेक करून संपवली.

"सगळ्यांना पाच मिळायची?"

"नाही. तू यायच्या आधी मी पाच करायचो. तू आत गेलीस की तीन."

तिला ते कळणार तरी कसं? ती खेळायची तेव्हा लोक आत, आणि लोक खेळायचे तेव्हा ती दारात.

"म्हणजे मी कधी पहिली नव्हतेच."

तिने उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला.

"रोज साडेतीनला तुम्ही मशीनचं मागचं दार उघडून बसलेले असायचात. मला वाटायचं, मशीन फारच बिघडतंय."

"मशीन उत्तम होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली होती, पण नुसती रागावली नव्हती.

"तीन करा," ती म्हणाली.

"अगं, आधी थोडे दिवस सोप्यावर..."

"तीन. आणि तो अवघडचा खटकाही होता तिथे न्या. हात माझा आहे ना?"

दुसऱ्या दिवसापासून ती उजवा हात रुमालाने दांड्याला बांधून बसायला लागली. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. मी जवळ गेलो की "मागे बसू नका" म्हणायची. अठराव्या दिवशी दहावी आली. यादीत नावाची तीन अक्षरं लिहायला तिला खेळापेक्षा जास्त वेळ लागला. ती तिने उजव्याच हाताने लिहिली.

परवा सकाळी उठलो तर टीव्ही चालू. ही त्याच्यासमोर बसलेली.

"काल आपण बंद केला होता ना?" तिने विचारलं.

"केला होता."

"तरी माझं नाव राहिलंय."

लेकीने तशी सोय करून दिली होती. वर मशीन बनवणाऱ्यांनी भरून ठेवलेली नऊ नावं होती, कुणाची कोण जाणे. त्यांच्याखाली, अगदी शेवटी, हिचं. ती रुमाल मनगटाला गुंडाळत होती आणि गाठीचं टोक दातात धरलं होतं.

"नवव्याचे पॉइंट किती आहेत?" तिने तसंच विचारलं. "नीट बघून सांगा."

मी चाळिशी लावली आणि आकडा वाचला.