पांढरं कार्ड

आठवीतल्या मुलीने दोन पांढऱ्या कार्डांना व्हॅसलीन फासलं आणि दोरे ओवले. हवेतली काजळी त्याला चिकटते, असं बाईंनी शिकवलं होतं. एक कार्ड घरच्या खिडकीत टांगलं, दुसरं बाबांच्या डब्याच्या पिशवीत ठेवलं.

बाबा कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलरवर होते. वीस वर्षं भट्टीत कोळसा टाकून त्यांचा एकही रुमाल पांढरा राहिला नव्हता. हल्ली जिन्यात मध्येच थांबत, छाती चोळत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "बारीक काजळी फुप्फुसातून रक्तात उतरते. हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब करते. काम बदला." कारखान्याच्या फाटकावरची पहारेकऱ्याची जागा रिकामी होती.

"फाटकावर बसून काय माश्या मारू?" बाबा म्हणाले. "बॉयलर माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही."

"घरात तुमचं कुणी ऐकत नाही, म्हणून तिथे मिरवता," आई म्हणाली.

मुलीने अट घातली. "कार्ड काळं निघालं तर फाटकावर जायचं. आणि भट्टीजवळच टांगायचं हं, आठ दिवस."

"कबूल."

आठ दिवसांनी कार्ड परत आलं. घरच्या कार्डापेक्षा किंचित मळकट, इतकंच. कडेला मात्र अंगठ्याचा काळा ठसा.

"बाबा, हात धुवून धरायचं ना," मुलगी हसली.

"बघ, उगाच घाबरत होतीस." बाबाही हसले. फाटकाचा विषय तिथेच मिटला.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, हातात फावडं असतानाच बाबा भट्टीसमोर खाली बसले, ते उठलेच नाहीत.

काही दिवसांनी त्यांचा जोडीदार लंबू डब्याची पिशवी द्यायला आला. भिंतीवर टांगलेलं, ठसा उमटलेलं कार्ड पाहून तो थबकला.

"वहिनी, हे तर त्याने साहेबांच्या खोलीत टांगलं होतं. खिडक्या बंद, पंखा चालू. मी विचारलं, इथे कशाला? तर म्हणाला, पोरगी घाबरेल रे."

लंबू गेल्यावर आईने पिशवीतून डबा काढून ठेवला.

"मला तो ठसा त्याच दिवशी दिसला होता," ती म्हणाली. "हवा एवढी स्वच्छ, तर अंगठा काळा कसा? पण तू हसत होतीस. तेही हसत होते. मग मीही गप्प बसले."

मुलीने कार्ड उतरवलं आणि त्या ठशावर आपला अंगठा हलकेच टेकवला. व्हॅसलीन अजून चिकटच होतं.