हर्शलची बहीण

हॅनोव्हरला मी आले ती दिवाळीपुरती, असं नागेश म्हणाला होता. नागेश माझा धाकटा भाऊ, इथल्या एका कारखान्यात इंजिनियर. दिवाळीपुरती म्हणजे काय, ते आल्यावर कळलं. सकाळी दोघांचे डबे, दुपारी त्यांच्या मुलीला, अन्वीला, शाळेतून आणणं, संध्याकाळी पोळ्या. भावजय नीलिमा एका सॉफ्टवेअर कंपनीत. घरी आल्यावर बूट काढण्याइतकंही त्राण तिच्यात उरत नसे, त्यामुळे तिच्यावर चिडायचीही सोय नव्हती. दमलेल्या माणसानं दमलेल्या माणसावर काय चिडायचं.

पण त्रिपुरी पौर्णिमेच्या आत मला मिरजेला पोचायचं होतं. आमच्या गल्लीतल्या देवळात त्या रात्री गाणं असतं. आजवर मी तिथे दुसऱ्यांच्या मागे तंबोरा धरून बसले. यंदा पहिल्यांदाच पुढे बसायला सांगितलं होतं, आणि पन्नाशी उलटलेल्या बाईला असं कुणी दोनदा विचारत नाही.

नागेशला हे ठाऊक होतं. तरी जेवताना त्याची टकळी सुरू व्हायचीच. "अक्का, व्हिसा जानेवारीपर्यंत आहे. राहा ना. नीलिमाचं प्रोजेक्ट डिसेंबरला संपतंय. गाणं काय, पुढच्या वर्षीही असेलच."

भाऊबीजेच्या संध्याकाळी मी फुलवाती वळत होते आणि अन्वी शाळेतल्या भाषणाची तयारी करत होती. विषय होता याच गावची कॅरोलिन हर्शल. अन्वीला मराठी कळतं, पण बोलते जर्मन. म्हणून नागेश सोफ्यावर पडल्या पडल्या मला अर्थ सांगत होता. अठराव्या शतकात या बाईला तिच्या भावानं इथून इंग्लंडला नेलं, घर सांभाळायला आणि गायला. गळा चांगला होता तिचा. मग भावाला दुर्बिणींचं वेड लागलं. तो आरसा घासायला बसला की तासन्‌तास हात काढत नसे, तेव्हा ही त्याला घास भरवायची. भावानं युरेनस शोधला. पुढे हिनंही धूमकेतू शोधले, राजानं तिला पगार सुरू केला.

"बघ अक्का, याला म्हणतात बहीण," नागेश म्हणाला.

"आणि गाणं?"

अन्वीनं हातातला कागद पाहिला. "दास हाट झी आबगेलेन्ट."

नागेशनं अर्थ सांगितला. "दुसऱ्या गावाहून गायचं बोलावणं आलं होतं. ती नाही म्हणाली. भाऊ असेल तिथंच गाईन म्हणाली. मग सुटलंच ते." आणि लगेच म्हणाला, "पण धूमकेतू मिळाले ना तिला."

"मला धूमकेतू नकोत रे," मी म्हटलं.

घरात पाट नव्हता. नीलिमाची योगाची चटई चौघडी करून नागेशला तिच्यावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. त्यानं तबकात एक डबी ठेवली. आत मोत्याच्या कुड्या होत्या, सुंदर. मी त्या उचलून त्याच्याच हातात दिल्या.

"ही ओवाळणी नको. माझं तिकीट आहे त्या तारखेचं राहू दे, तेवढंच घाल."

त्यानं मान खाली घातली. "अक्का, मी कालच एजंटला सांगितलं. जानेवारीचं करून टाकलंय."

मला न विचारता. संताप आला. लहानपणी याला कडेवर घेऊन मी गाण्याच्या शिकवणीला जायची. हा रडला की गाणं तिथंच थांबायचं.

"मग आता त्याला पुन्हा सांग."

"आत्ता?"

"आई काय सांगायची? ओवाळणी पडेपर्यंत भावानं उठायचं नाही. मी उभी आहे."

तो हसला, पण मी तबक खाली ठेवलं नाही. नीलिमा ऑफिसच्याच कपड्यांत दाराशी उभी होती. ती आत गेली आणि फोन आणून तिनं त्याच्यापुढे धरला.

कपाळावर कुंकू, केसांत अक्षता, अशा थाटात नागेश एजंटशी जर्मनमध्ये बोलला. त्यातलं मला माझं नाव तेवढं कळलं. फोन ठेवून त्यानं डोळे चोळले.

"झालं. पण अक्का, आमचं कसं होणार गं?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं, आणि तबक खाली ठेवलं.